पडेगावच्या सिस्टरकाकू

सिस्टरकाकूंइतकं अस्सल मराठवाडी बोलणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, आणि त्यांचा जन्म आयर्लंडचा होता. वर्ण गोरापान, डोळे निळे, उन्हात दोन पावलं चालल्या की चेहरा टोमॅटोसारखा व्हायचा. पण तोंड उघडलं की थेट पैठणकडच्या शिवारातली भाषा. त्या माझ्या मित्राच्या आई. मित्राचे वडील तरुणपणी इंग्लंडला शिकायला गेले, बर्फावरून घसरले, पाय मोडून दवाखान्यात पडले आणि वॉर्डातल्या नर्सशी लग्न ठरवूनच उठले. काकूंना मराठी सासूनं शिकवलं, म्हणजे सासू भांडत गेली आणि त्या शिकत गेल्या. नवरा वॉर्डातल्या सवयीनं जन्मभर त्यांना 'सिस्टर' म्हणत राहिला, त्याचं ऐकून अख्खं पडेगाव म्हणू लागलं, आणि आम्ही पोरांनी पुढं 'काकू' जोडून टाकलं.

वेरूळला पाहुण्यांना घेऊन जाणं हे त्यांच्यासाठी संकट असायचं. एकदा एक गाईड पार्किंगपासूनच मागं लागला, इंग्रजी संपल्यावर फ्रेंच झालं, मग जर्मन. काकू लेण्याच्या पायरीवर बसल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "बाबा, लई दमलास. मी हितलीच हाय. आधी सावलीत बस, पाणी पी." तो खरोखरच बसला. उठताना त्यानं त्यांना आपली गुडघेदुखी सांगितली आणि फुकट सल्ला घेऊन गेला.

त्या कमालीच्या भाविक होत्या. छावणीतल्या चर्चचा रविवार त्यांनी तापातसुद्धा चुकवला नाही. देवाशी त्यांचं बोलणं मात्र घरच्या माणसाशी बोलावं तसं. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा एक संत त्यांच्या खास मर्जीतला होता, आणि त्या बिचाऱ्याला कधी उसंत नसे. शेजाऱ्यांची म्हैस हरवली तेव्हा अंगणात उभ्या राहून काकू आभाळाकडं बघत त्याला म्हणाल्या, "कवाधरनं सांगायली मी तुला. ध्यान कुठाय तुझं?" संध्याकाळी म्हैस दौलताबादच्या रस्त्यावर चरताना सापडली. शेजाऱ्यांनी संताला नारळ आणून दिला. काकूंनी तो फोडला, चटणी वाटली आणि संताच्या वतीनं शेजाऱ्यांच्याच घरी पाठवली.

पडेगावच्या ज्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, तिथं तर प्रार्थना आणि इंजेक्शन यांची त्यांनी जोडीच लावून दिली होती. पेशंटला म्हणायच्या, "तू तुझ्या देवाचं नाव घे, माझ्याला मी सांगते," आणि आमेन म्हणताना सुई टोचायच्या. पुढं पुढं लोकांना हे ठाऊक झालं. आमेन जवळ आलं की धट्टीकट्टी माणसं खाटेवरून सरकू लागायची. मग काकूंनी अर्ध्या प्रार्थनेतच सुई मारायला सुरुवात केली, आणि त्याबद्दल दर रविवारी देवाची माफी मागू लागल्या.

आई म्हणूनही त्यांचा खाक्या वॉर्डातलाच. शाळा बुडवण्यासाठी पोट दुखतंय म्हणावं तर सहानुभूती भरपूर, पण सोबत एरंडेल. मित्रानं एकदा मला साक्षीदार म्हणून नेलं, तर माझीही जीभ बघून मलाही पाजलं. त्यांच्या घरी चहा उकळत नसे. चिनीमातीच्या किटलीत मुरत ठेवत, आणि किटलीवर स्वतः विणलेली लोकरीची टोपी असे. मे महिन्यात, पंखासुद्धा गरम हवा फेकत असताना, ती टोपी बघून सासू म्हणायची, "किटलीला टोपडं, अन् माझा नातू उघडा हिंडतोय."

ही सासू सुरुवातीची कित्येक वर्षं सुनेच्या हातचं पाणीही पीत नव्हती. पैठणकडच्या गावाहून पडेगावला आली तरी स्वतःची चूल वेगळी मांडायची. मग एक दिवस न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आणल्यावर तिनं बजावलं, "मला हात लावायचा नाय." काकू म्हणाल्या, "नाय लावत. मी चादर बदलायली. तुम्ही चादरीवर हाय त्याला मी काय करू?" असं चादर बदलता बदलता त्यांनी सासूला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, वेणी घातली. भांडण एक दिवसही थांबलं नाही, पण आठवडाभरानं सासूनं भिंतीकडं तोंड करून पाणी मागितलं. मित्राचे वडील लगबगीनं उठले तर म्हणाली, "तू बस. तिला सांग."

तिथून पुढं त्या दोघी ओसरीवर शेजारी शेजारी बसून जप करू लागल्या. सासूच्या हातात तुळशीची माळ, सुनेच्या हातात रोझरी. काकूंची आधी संपायची, आणि सासू डोळे न उघडता म्हणायची, "आखूड माळ आणलीस, अन् वर जिंकल्यावानी बसलीस." दुपारी काकूंच्या नवऱ्याच्या तक्रारी मात्र दोघी एकाच सुरात करायच्या. पुढं सासू थकली तेव्हा तिनं मुलाला सांगून ठेवलं, "माझं कायबी करायचं तर सिष्टरला इचारा." ती गेली तेव्हा काकू शांतपणे सगळं आवरत होत्या. रडल्या त्या तेराव्यानंतर, घरात भांडायला कुणी उरलं नाही म्हणून.

नवरा गेल्यावर काकूंना हळूहळू विस्मरण होऊ लागलं. आम्हाला भीती होती की मराठी जाईल आणि लहानपणची भाषा तेवढी राहील. झालं उलटंच. इंग्रजी गेली. आयर्लंडमध्ये त्यांची धाकटी बहीण होती, तिच्याशी मित्र व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. काकू तिला मराठीतून हवापाणी विचारायच्या, गुडघ्याचं सांगायच्या, सासूची गाऱ्हाणी करायच्या. तिकडून ती इंग्रजीत आपल्या मांजराचं सांगायची. मित्र मध्ये पडून अर्थ सांगू लागला की काकू म्हणायच्या, "तू गप. तिला समजायलंय." आणि दोघी समाधानानं माना डोलवायच्या.

काकू मागच्या उन्हाळ्यात गेल्या. पैठणकडची सगळी भावकी आली आणि पाद्रीबाबा 'चपला राहू द्या' म्हणत असतानाही त्या बाहेर काढून चर्चमध्ये बसली.

काही दिवसांनी मी मित्राकडं बसलो होतो, तेव्हा काकूंच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, फोन ठेवताना दर वेळी तुझी आई एकच वाक्य म्हणायची, मी ते पाठ करून ठेवलंय. आमच्याकडं निघताना आशीर्वाद देतात, तसाच असणार तो, म्हणून आता नातवंडं घरी जायला निघाली की मी त्यांना म्हणते. मग तिनं जपून, एकेक शब्द सोडवत म्हटलं, "दोन घास खाऊन घे गं." उच्चार थेट काकूंचा. तिनं विचारलं, आशीर्वादच आहे ना तो?

मित्र म्हणाला, "हो मावशी, आशीर्वादच आहे."

फोन ठेवल्यावर तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि आम्हा दोघांची ताटं घेऊन आला.