भामाबाईची वीरगळ

आमच्या गावाच्या वेशीबाहेर, घाटनांदूरच्या वाटेवर, पाच वीरगळी आहेत. लढाईत मेलेल्या वीराचा दगड उभा करायची ही जुनी रीत. खालच्या चौकटीत तो कसा मेला ते, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर तो महादेवापुढे हात जोडून बसलेला. सिदू तिथे मेंढरं बसवायचा आणि दगड बघत राहायचा. शाळेत तो कधी आला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. सिदू खडी फोडायला लागला, तेव्हा छिन्नी-हातोडा हातात आला. दुपारी माणसं सावलीला पडायची, हा दगडावर हत्ती काढायचा. अंबाजोगाईच्या लेण्यांतले हत्ती एकदा चालत जाऊन बघून आला होता. "सोंड चुकली," म्हणायचा आणि हत्तीची खडी करून टाकायचा.

पुढच्या उन्हाळ्यात गावच्या पाणी संस्थेची विहीर खोदायला घेतली. चेअरमन मोहनराव. कडा ढिली झालीय, आधार द्या, असं मजूर दोन दिवस सांगत होते. चेअरमनना घाई होती. तिसऱ्या दिवशी दरड कोसळली आणि मातीची पाटी डोक्यावर घेतलेली भामाबाई, सिदूची बायको, खाली गाडली गेली.

सिदूने तिची वीरगळ घडवायला घेतली. पारावरची माणसं हसली.

"बे सिदू, बाईची कुठं वीरगळ असती का? तलवार कुठं हाय तिच्या हातात?"

"पाटी हाय की. तुमच्या पान्यापायी मेली ती, खाटंवर पडून न्हाई."

चार महिने तो घडवत होता. खाली पाटीसकट भामाबाई आणि तिच्यावर झुकलेली कडा, मध्ये तिला उचलणाऱ्या दोघी, वर महादेव. दोघींचे चेहरे अप्सरांचे नव्हते, आमच्याच गल्लीतल्या बायांचे होते. विहिरीपाशी उभी करायला चेअरमननी होकार दिला. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण केळीतून, मातीच्या छोट्या घागरीतून, गेलेल्यांना पाणी देतो. त्या दिवशी दगड उभा करून विहिरीचं पाणी भामाबाईला घालायचं, असं सिदूने ठरवलं. कोरलेल्या बाजूला बारदान बांधून त्याने दगड विहिरीजवळच्या चिंचेखाली ठेवला आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेला.

जानेवारीत विहिरीवरच्या नव्या पंपघराचं उद्घाटन झालं. भिंतीत काळ्या दगडावर अकरा संचालकांची नावं होती. ती मीच माझ्या शाळेतल्या मुलांकडून मोठ्याने वाचून घेतली.

चैत्रात सिदू परतला. चिंचेखाली दगड नव्हता. तो पंपघराच्या भिंतीशी आला, नावांच्या दगडाच्या कडेवरून बोटं फिरवली आणि माझ्याकडे वळला. "गुरुजी, हे घाव माज्या छिन्नीचे हायेत."

आम्ही मोहनरावांकडे गेलो.

"पाठ चांगली सपाट होती, म्हणून गवंड्यानं घेतली," ते म्हणाले. "दुसरा घडव की. दगडाला काय तोटा हाय का?"

मी शाळेत पेन्सिल चोरणारी मुलं पाहिली आहेत. पकडल्यावर त्यांची मान खाली जाते. इथे मान खाली गेली नाही. ज्यांच्या घाईने बाई मेली त्यांनी तिचं तोंड भिंतीत चिणलं आणि पाठीवर आपली नावं घातली. त्या अकरांतला एकही जण विहिरीत पाटी घेऊन उतरला नव्हता. पाणी मात्र आधी त्यांच्याच उसाला गेलं.

सिदू वाद घालत बसला नाही. पंपाची मोटार चालवणाऱ्या सटवाने पंपघराची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. दोन दिवस सिदूने आतल्या बाजूने भिंतीचा एकेक दगड काढला. बाहेरच्या नावांना धक्का लागला नाही. आत कोनाडा झाला आणि कोनाड्यात भामाबाईचं तोंड मोकळं झालं. महादेवाच्या चौकटीचा एक कोपरा गवंड्याने फोडला होता.

आखितीच्या सकाळी बाया पाण्याची केळी घेऊन आल्या. पाठोपाठ चेअरमनही आले.

"भिंत कुणाला विचारून फोडली?"

विहिरीवर भामाबाईच्या मागे पाटी घेऊन चालणारी चतुराबाई पुढे झाली. "तुमची नावं बाहीर हायेत, चेरमन. तशीच हायेत. जावा, वाचा."

चेअरमन दारातच थांबले. आत यायचं तर चपला काढाव्या लागल्या असत्या. सिदूने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याने केळी उचलली आणि दगडाच्या पायथ्याशी पाणी घातलं.