तोंडात जाता जाता राह्यलेलं बोट

हे मी बोलून राह्यलो अन् सून लिहून राह्यली. मले लिहता येत नाई. शाळेत मी एकदाच गेलो होतो, तेही आमचा हरपलेला गोऱ्हा तिथी चरून राह्यला होता म्हणून. सून मधात मधात थांबते अन् इचारते, "मामाजी, हेही लिहू का?" लिही बाप्पा. इज्जत माहीच जाऊन राह्यली, तुही थोडीच.

मोहर्लीच्या बाजूले आमचं गाव. वाघ पाहाले कुठून कुठून लोक येतात. त्यायच्यासाठी बांधलेल्या एका रिसॉर्टात मी झाडायले पाणी देतो अन् खोल्यायचे संडास धुतो. पाहुण्यायले वाघ दिसो न दिसो, मले रोज काई ना काई दिसतेच.

मंग आमच्या घरीही संडास झाला. पांढरी शुभ्र सीट. मले वाटे, रिसॉर्टातल्यासारखी चमकली पाहिजे. तिथी मोठ्या डब्ब्यात निळं, घट्ट औषध येते. त्यातलं मी घरी आणलं. इचारून आणलं का? सूनबाई, हे नको लिहू. (लिहलं तिनं.)

अन् आणलं कशात? पाहुणे फेकून जातात त्या थंड्याच्या बाटलीत. बाटलीवर संत्र्याचं चित्र, आतमधी संडासाचं औषध. मले वाचता येत नाई, म्हणून वर काय छापलं आहे याचं मले काई नाई. नातवालेही वाचता येत नाई, पण त्याले चित्र समजते. एवढी अक्कल त्याले होती, मले नोती. बाटली ठेवली संडासाच्या पायरीवर, त्याच्या हाताले येईन अशी, अन् बूचही ढिलंच.

त्या दिवशी बायको चिमूरले भाचीच्या लग्नाले गेली होती. पोरगा जिप्सी चालवते, तो पाहुणे घेऊन दुपारच्या फेरीले जंगलात गेला होता. आतमधी मोबाईल नेऊ देत नाई, गेटवरच ठेवून जा लागते. घरी सून, मी अन् नातू. नातू दोन वर्षांचा होत आला होता, चालाले लागल्यापासून धावूनच राह्यला होता. सून चुलीपाशी होती, लेकरावर लक्ष ठेवाचं काम माहं. मी आंगणात शेजारचा भाऊ अन् एक बुढीबाई यायले अस्वलाचा किस्सा सांगून राह्यलो होतो. अस्वल मागं लागलं तवा मी ज्या झाडावर चढलो, त्याच झाडावर थे मध खायाले चढाले लागलं, असा तो किस्सा. रंगात आला होता.

तेवढ्यात नातू मागून आला. तोंड वाकडं, जीभ बाहेर, लाळ गळून राह्यली. शेजारचा भाऊ हासला, "पाहा, पोट्टा तुह्यावरच गेला! तुही नक्कल करून राह्यला." मीही हासलो. मी त्याले उलट तोंड वाकडं करून दाखवलं. तो हासला नाई, खोकलला. मंग मले त्याच्या बंडीवर निळा डाग दिसला.

किस्सा तिथीच मेला. मी पायरीकडं धावलो. बाटली आडवी, बूच तिकडं. अन् आता हे पाहा, माहं डोकं कसं चालते. लेकरू खोकलून राह्यलं अन् मी पायानं ती बाटली भोपळ्याच्या वेलाखाली ढकलली. सुनेले दिसू नये म्हणून.

बुढीबाई म्हणे लिंबू पाजा. शेजारचा भाऊ म्हणे केळं चारा. पण अशा कामात गावात माह्या वरचा कोणी नाई. मोहाची दारू कोणाले जास्त झाली का बोलावणं मलेच येते. तांब्याभर मीठपाणी, घशात दोन बोटं, अन् सगळं बाहेर. मोठमोठे गडी मी असे मोकळे केले. मी म्हणलं, हे तर लहानसं लेकरू, याले किती वेळ लागन? मीठपाणी केलं, नातवाले मांडीवर घेतलं, बोट धुतलं.

सून बाहेर आली. तिनं एकदा लेकराकडं पाह्यलं, एकदा निळ्या डागाकडं. रडली नाई, वरडली नाई. ॲम्बुलन्सचा नंबर लावला अन् फोनचा आवाज मोठा केला. तिकून एक डॉक्टरबाई बोलाले लागली, "बाळ शुद्धीवर आहे का? श्वास नीट चाललाय का?"

सून म्हणे, "हो. रडून राह्यला, खोकलून राह्यला. संडासाचं औषध प्याला."

मी मधातच वरडलो, "बाई, दोन मिनिटं थांबा. बोट घालून नातवाची उलटी काढतो, मंग बोला."

"कोण बोलतंय? आजोबा, बोट काढा त्याच्या तोंडातून!"

"अजून घातलं नाई."

"घालूच नका! ते आत जाताना जाळतं, उलटी झाली तर वर येताना पुन्हा जाळेल. श्वासात गेलं तर आणखी वाईट."

"मंग नुसतं मीठपाणी?"

"नाही."

"लिंबू?" बुढीबाईनं तिच्या जागेवरूनच इचारलं.

"नाही."

"केळं?" शेजारचा भाऊ.

"अहो, तिथे किती जण आहात तुम्ही? काहीही देऊ नका!"

माहं बोट अजून हवेतच होतं. सुनेनं माह्या मनगटावर अशी चापट मारली का तांब्या सांडला. "मामाजी, हात खाली!" लग्न होऊन आल्यापासून तिनं माह्यासमोर आवाज चढवला नोता. त्या दिवशी चढवला, अन् चढवला म्हणून आज हे लिहाले दिवस चांगले आहेत.

डॉक्टरबाई जसं सांगे तसं सून करे. ओल्या फडक्यानं तोंड आतून पुसलं, हातपाय-तोंड धुतलं, बंडी काढली. त्याले सरळ बसवलं. तो बरोबर गिळून राह्यला का, हे बाईनं दोनदा इचारलं, मंग म्हणे पाण्याचा एखादा लहान घोट द्या, जबरदस्ती करू नका, अन् बाकी काई नाई. "गाडी निघतेय, पण लांबून येतेय. तिथे दुसरं वाहन मिळालं तर थांबू नका, चंद्रपूरला निघा. आणि तो ज्यातून प्यायला ती बाटली सोबत न्या."

"बाटली कुठी आहे, मामाजी?"

"कोणती बाटली?" मी म्हणलं.

 सुनेनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. मंग मी सगळ्यायसमोर ढोपरावर बसलो अन् रांगत भोपळ्याच्या वेलाखाली शिरलो.

रस्त्यावर आलो तर एक जिप्सी गेटाकडं चालली होती, उशीर झालेली. सून लेकराले घेऊन मधोमध उभी राह्यली. चालवणारा माह्या पोराचा दोस्त. मागं आमच्याच रिसॉर्टात उतरलेले नवरा-बायको पाहुणे, नवऱ्याच्या हातात दुधाच्या कॅनएवढा कॅमेरा. दोस्तानं आमच्याकडं पाह्यलं, मंग पाहुण्यायकडं. म्हणे, "मॅडम, आता वळलो का गेट बंद होईन. आजची फेरी गेली समजा."

पाहुणी बाई तवापर्यंत सरकून बसलीही होती. "वळवा हो गाडी. या, बसा."

तिनं आपली ओढणी नातवाच्या डोक्यावर धरली. जिप्सी उघडी, ऊन नुसतं भाजून राह्यलं होतं. कॅमेरेवाल्या साहेबानं कॅमेरा पायाशी ठेवला अन् ती बाटली दोन्ही गुडघ्यायमधी उभी धरली. चंद्रपूर येईपर्यंत हलू दिली नाई. बाई मले म्हणे, "त्याच्याशी बोला काका, घाबरलाय तो." मंग मी त्याले अस्वलाचा किस्सा सांगितला. तोच किस्सा, तेच अस्वल. पण माहा आवाज असा निंगे का मलेच त्या अस्वलाची दया आली.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनं आधी लेकराचा श्वास पाह्यला, तोंडात बॅटरी मारून पाह्यलं. मंग बाटली हातात घेतली. "संत्र्याचं चित्र आहे यावर. आत काय होतं? नाव काय त्याचं?"

नाव कोणाले माहीत? पोराच्या दोस्तानं रिसॉर्टातल्या स्वयंपाक्याले फोन लावला. त्यानं मोठ्या डब्ब्यावरचं छापलेलं वाचून दाखवलं. मॅडमनं ऐकून घेतलं अन् त्यायचा चेहरा काई बरा झाला नाई. "हे तर चांगलंच तीव्र आहे," म्हणल्या. "पण या बाटलीतलं इतकं पातळ कसं?"

आता सून बाजूले, पाहुणे मागं, पोराचा दोस्त दारात. मी वर पंख्याकडं पाह्यलं. पंखाही बंदच होता.

"मॅडम," मी म्हणलं, "मी डब्ब्यातून बाटलीभर काढलं का वरून बाटलीभर पाणी टाको. मॅनेजरले कमी दिसू नये म्हणून."

"असं किती वेळा केलं?"

"दर वेळा."

दारातून पोराचा दोस्त म्हणे, "काका! पाहुणे बोंबलतात संडास साफ होत नाई म्हणून, तर हे कारण!"

पाहुणी बाई म्हणे, "आमच्या खोलीतला सुद्धा."

मॅडमच्या तोंडावर हासू येता येता थांबलं. "आजोबा, खरं सांगितलं हे चांगलं झालं. मला ते कळणं गरजेचं होतं. पण पातळ आहे म्हणून सुटलो असं समजू नका. तोंडात भाजलेलं दिसत नाही, तरी आत काय झालंय ते असं वरून कळत नाही. गळ्याला सूज येऊ शकते. ठेवून घेऊ. मी सांगेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही."

मंग बसलो. त्याच्या हाताले सुई लावली. तो पाणी मांगे. "आबा, पानी." पाणी देणं हे माहं रोजचं काम, रिसॉर्टातल्या झाडायले बिना मांगता देतो. अन् हा मांगून राह्यला तर मले देता येईना. सून त्याले थोपटे अन् मी भिंतीकडं तोंड करून बसलो.

संध्याकाळी पोरगा आला, गेटवर फोन हातात पडल्याबरोबर तसाच, अंगावर लाल धूळ. मले वाटलं आता हा मले काई सोडत नाई. तो म्हणे, "बाबा, गिळून राह्यला का तो?" मी म्हणलं, "उद्या सांगतील." तो माह्या बाजूले खाली बसला. मंग हळूच म्हणे, "मले इथी याले उशीर झाला कारण वाघीण रस्त्यातच बसली होती. पिल्लं घेऊन. हलेच ना."

पाहुणे अजून बाकावरच होते, गेलेच नोते. साहेबानं इचारलं, "पिल्लं किती होती?"

"तीन."

साहेबानं डोळे मिटले. बायकोनं त्याले कोपरानं ढोसलं. मंग दोघंही उठून आमच्यासाठी चहा आणाले गेले.

त्यायचं नाव मी इचारलं नाई. फोनवरच्या डॉक्टरबाईचा तर चेहराही पाह्यला नाई. मले 'आभारी आहे' असं बोलता येत नाई, मी मस्करी करतो अन् लोकायनं समजून घ्यावं असं वाटते. त्या दिवशी मस्करीही सुचली नाई. मी नुसता हात जोडे. चहावाल्यालेही जोडले, त्याले वाटलं मी उधारी मांगून राह्यलो.

सकाळी मॅडम आल्या. पोट दाबून पाह्यलं, छातीचा आवाज ऐकला, तोंडात पुन्हा बॅटरी मारली. मंग नर्सबाईले म्हणल्या, "चमच्याने पाणी देऊन पाहू."

सून, पोरगा, मी, सगळे त्या चमच्याकडं पाहून राह्यलो. नर्सबाईनं चमचा त्याच्या ओठाले लावला. त्यानं पाणी तोंडात घेतलं अन् तसंच धरून ठेवलं. माह्याकडं पाह्यलं. मी काय करू? मी तोंड उघडलं, मंग मिटलं, अन् स्वतःच गटकन गिळून दाखवलं. त्याचा तो एवढासा गळा खालीवर झाला. तोंड वाकडं नाई, खोकला नाई. त्यानं चमच्याकडं हात केला, "आजून."

मॅडम म्हणल्या, "छान. हळूहळू वाढवू. आणखी तपासायला बोलवीन, पण घाबरायचं काम नाही."

सुनेनं पदर तोंडावर घेतला. पोरगा खिडकीपाशी गेला. नर्सबाई म्हणे, "आजोबा, तुम्ही कालपासून काहीच घेतलं नाही ना? आता तुम्हीही प्या," अन् गिलास माह्या हातात दिला.

मी एका दमात पेलो, अन् असा ठसका लागला का डोळे पांढरे झाले. मॅडम धावल्या, नर्सबाई पाठ थोपटाले लागली, सून "मामाजी, मामाजी" करून राह्यली. अन् खाटेवर बसून तो पोट्टा माह्याकडं पाहून पोट धरधरून हासून राह्यला होता.