गो ऑफ म्हणजे निघून जाणे

अमरावतीत मी सहा वर्षं स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवला. माझं स्वतःचं शिक्षण अकोल्याच्या मराठी शाळेत झालेलं, त्यामुळे इंग्रजी बेताचंच. पण फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं की सहसा कोणी शंका काढत नाही. वर्गात बहुतेक बँकेच्या परीक्षा देणारी पोरंपोरी होती. आणि एक साठीतले चाचा. ते वरूडचे संत्र्याचे व्यापारी. आठवड्यातून दोन दिवस अमरावतीला लेकीकडे मुक्काम करून क्लासला येत. त्यांचा माल घेणाऱ्या बंगळूरच्या दुकानात नवा मॅनेजर आला होता आणि तो फोनवर नुसतं इंग्रजी झाडायचा.

त्या आठवड्यात आमचं 'गो' चालू होतं. गो अप, गो डाउन, गो ऑन. चांगलं साधं क्रियापद घ्यायचं, त्याला एवढंसं शेपूट लावायचं आणि अर्थाची पार वाट लावायची, हा इंग्रजांचा उद्योग मला कधी पटला नाही. मी आपली गाइडातली यादी फळ्यावर उतरवून मोकळी व्हायची.

चाचांनी हात वर केला. "मॅडम, गो म्हणजे जाणं. ऑफ म्हणजे बंद. मंग गो ऑफ म्हणजे बंद जाणं काय?"

"निघून जाणं, चाचा."

"मंग ते ऑफ लावलं कावून? नुसतं गो म्हटलं तरी मानूस जातेच ना."

वर्ग हसला. "इंग्लिशमध्ये तसंच असते, पाठ करा," मी म्हणाले. त्यांनी इमानदारीनं वहीत लिहून घेतलं.

पुढच्या सोमवारी मी पोचले, तर चाचा आधीच येऊन बाकावर बसलेले. मॅनेजर दोन दिवसांपासून त्यांचा फोन उचलत नव्हता.

"शेवटी काय बोलणं झालं?" मी विचारलं.

"तो म्हणे, युवर ऑरेंजेस हॅव गॉन ऑफ. मी समजलो, माल निघून गेला, हातोहात खपला. मी म्हटलं, व्हेरी गुड, थँक यू."

"मग?"

"मंग तो म्हणे, ऑल ऑफ देम. मी म्हटलं, अल्लाची मेहरबानी. सेंड मोर? तं त्यानं फोनच कापला."

मी गाइड उघडलं. 'गो ऑफ'चा आणखी एक अर्थ पानाच्या तळाशी होता, फळ्यावर जागा उरली नाही म्हणून मी गाळलेला: खराब होणे, सडणे. संत्री सडली होती आणि चाचांनी त्याबद्दल त्या माणसाचे आभार मानले होते.

"चाचा, चूक माझी आहे," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

चाचांनी कपाळावर हात ठेवून मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. मग ते डोळे पुसत म्हणाले, "त्याले वाटलं असन, हा बुढ्ढा लय हरामी आहे."

मी माझ्या मोबाइलवरून बंगळूरला फोन लावला. मॅनेजरनं उचलला. "सर, देअर वॉज अ..." इथवर मी गेले आणि पुढचा शब्दच सुचेना. चाचांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "साहब, मैं वरूडवाला बोल रहा हूँ. माफ करना, मेरे को अंग्रेज़ी समझी नहीं."

पलीकडचा माणूस म्हणाला, "चाचा, हिंदी आती थी तो पहले बोलते ना. मैं तो भोपाल का हूँ."

दहा मिनिटं दोघं आरामात बोलले. ट्रक रस्त्यात बिघडून दोन दिवस उन्हात उभा राहिला होता, एवढंच झालं होतं. शनिवारी नवा माल पाठवायचं ठरलं.

आता चाचांना क्लासची गरज नव्हती, तरी ते उठले नाहीत. वही उघडून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला त्या दिवशी 'गेट' हे क्रियापद सुरू करायचं होतं, गाइडात त्याचे अर्थ दोन पानं भरून होते. मी ते पुढच्या आठवड्यावर ढकललं.