अनुजाचा ‘क’ आणि मेडिकलवाले भाऊ

परवा शनिवारी माझ्या नारायणगावच्या क्लिनिकमध्ये जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये... म्हणून लिहितेय.

मी लहान मुलांची स्पीच थेरपिस्ट. डिंगोरे गावची सहा वर्षांची अनुजा माझ्याकडे आली, तेव्हा ‘क’ला ‘त’ आणि ‘ग’ला ‘द’ म्हणायची. काकडीची ‘तातडी’, गायीची ‘दाय’. ऐकू छान येत होतं, पण मुलं हसतात म्हणून तिनं शाळेत तोंड उघडणंच सोडलं होतं.

तीन महिने दर शनिवारी थेरपी केली. मला वाटत होतं, मस्त सुधारतेय. एक दिवस तिची आई, मनीषाताई, हळूच म्हणाल्या, “मॅडम, आमाला समजतंय ओ सगळं. पण शाळेत बाईंना अजून न्हाई समजत.”

ते मनाला लागलं... आपल्या कानांना फक्त सवय तर झाली नाही?

पूर्वी मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या संशोधनात काम केलं होतं. तिथे गुण आला का, हे तपासणाऱ्याला कोणाला कुठलं औषध दिलंय ते कळू देत नसत. नाहीतर माणसाला हवं तेच दिसतं.

पहिल्या दिवशी अनुजाचे वीस शब्द मोबाइलवर रेकॉर्ड केले होते. तेच नव्याने घेतले, जुने-नवे मिसळले आणि खालच्या मेडिकलवाल्या संतोषभाऊंना ऐकवले. ते अनुजाला ओळखत नव्हते. “ऐकू येईल तसं लिहा,” एवढंच सांगितलं.

जुन्या शब्दांतले जेवढे त्यांना कळले, नव्यांतलेही जवळपास तेवढेच... मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मग दुसरी गोष्ट आठवली. औषधाचा डोस ठरलेला असतो. किती, दिवसातून कितीदा. आणि मी मात्र “घरी जमेल तशी प्रॅक्टिस घ्या” म्हणत होते.

मनीषाताईंना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. “मंग डोस लिहून द्या की.”

दिला. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. ‘गार’ आणि ‘दार’, ‘काप’ आणि ‘ताप’ अशी जोड्यांची चित्रं. अनुजाच्या तोंडून जे येईल तेच चित्र उचलायचं, तिला दुसरं हवं असलं तरी.

एक वेळ वेणी घालताना, एक जेवल्यावर, एक गोठ्यात. झालं की कॅलेंडरवर पेन्सिलची रेघ. “आमच्यात पोरं उशिराच बोलत्यात” म्हणणारे आजोबाही सामील झाले. तिनं ‘दार पाणी’ मागितलं की मुकाट्यानं उठून दार लावून यायचे...

अडीच महिन्यांनी, म्हणजे परवा, पुन्हा तीच परीक्षा घेतली. संतोषभाऊंनी लिहिलेला कागद मी वर आणून दोनदा ताडून पाहिला. नव्या रेकॉर्डिंगमधले वीसपैकी अठरा शब्द बरोबर, जुन्यातले मात्र आधीएवढेच! मनीषाताईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, शाळेत दाखवायला.

जाताना अनुजा आमच्या पुढे पळाली आणि मेडिकलच्या काउंटरला लटकून म्हणाली, “खोकल्याच्या गोळ्या द्या.”

हाच तो आवाज, हे संतोषभाऊंना ठाऊकही नव्हतं. त्यांनी “काय?” म्हटलं नाही, मागे आईकडेही पाहिलं नाही. सरळ विचारलं, “कोणाला पाहिजेत?”

“आजोबांना.”

मी जिन्यातच उभी राहून ऐकत होते...

आज दुपारी मनीषाताईंचा फोन आला. “मॅडम, पोरगी आज वर्गात इतकी बोलली, बाईंनी तिला गप बस म्हणून दटावलं.”

इतकं गोड दटावणं मी आजवर ऐकलं नव्हतं.