बंदुकीच्या रकान्यात शून्य

जालन्यात आमच्या सकाळच्या कट्ट्यावर चार म्हातारे बसतात: शिंदे सर, एक डॉक्टर, एक वकील आणि मी. मरणाचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चहा येईपर्यंत दोन होतात! यंदा मात्र सगळे एकाच गोष्टीवर अडले. शिंदे सरांच्या नातीला, ऋचाला, अमेरिकेत प्रवेश मिळाला. सर म्हणाले, "बिलकुल न्हाई! तिथं वर्गात शिरून गोळ्या घालतात."

*

निकाल द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. बँकेचा फॉर्मसुद्धा तीनदा तपासतो. ओळखीतले मेलेले लोक कारणांसकट लिहून काढले. शहागडचा हायवे, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक, साप, हार्ट. बंदूक : शून्य.

"मंग जालनाच डेंजर!" डॉक्टर ओरडले. सगळे हसले. मीही हसलो, मेलेल्यांची यादी हातात धरून.

*

वकिलांनी हरकत घेतली. "प्रोफेसर, इथं बंदूक हाय कोणाकडं? समुद्र न्हाई तिथं बुडालेले मोजून राह्यले तुम्ही!"

बरोबर होतं. ज्या चुकीसाठी आयुष्यभर पोरांचे मार्क कापले, तीच मी केली होती!

*

मग अमेरिकेतले आकडे वाचले. तिथं बंदुकीनं मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक स्वतःवरच गोळी झाडतात. हे मी कट्ट्यावर फार हुशारीनं सांगितलं. शिंदे सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे एकटं पडल्यावर? ती रोज फोन करील ना हो?"

याचा रकाना माझ्याकडे नव्हता.

*

शेवटी ऋचाच कट्ट्यावर आली. सर नुकतेच कुंभार पिंपळगावहून स्कूटरवर आले होते.

"आबा, हेल्मेट?"

"डोकं तापतं गं."

"तुम्ही ते घाला, मी रोज फोन करते. बोला!"

सर मान डोलावून माझ्याकडे वळले. "घरच्यांना दाखवायला तुमचा तक्ता द्या, दोन्हीकडचे आकडे टाकून. खाली सही बराबर करा."

*

तक्ता टाइप केला माझ्या मुलीनं, माधवीनं. ती इथंच कॉलेजात शिकवते. वीस वर्षांपूर्वी तिलाही तिकडून प्रवेशाचं पत्र आलं होतं. तेव्हा मी एकही आकडा पाहिला नाही. टीव्हीवरची गोळीबाराची एक बातमी पाहिली आणि "नाही" म्हणालो.

तिनं दोन प्रती काढल्या.

"दोन कशाला गं?"

"एक शिंदेकाकांना."

"आणि दुसरी?"

"मला. सही करा, बाबा. तारीख मात्र त्या वर्षीची टाका!"