कापसाच्या ढिगावर सोजरबाई

माझी सासू सोजरबाई, मी तिले आत्याबाई म्हणते, तोंडाची लय फटकळ. इचोड्याच्या बाजारात भाजी घेऊन बसली की गिऱ्हाईक भाव करायच्या आधी दोनदा विचार करते. कोणी वांगं दाबून पाह्यलं तर म्हणते, "लेकराचा गाल हाय का तो, काऊन दाबून राह्यला?" तिच्या बाजूले दर हिवाळ्यात काश्मीरचा नजीरभाई शालींची गठडी सोडायचा. आमी फेकून देतो तो नवलकोलाचा पाला तो मागून घ्यायचा. "हमारे यहाँ यही खाते हैं, अम्मा." म्हातारी त्याले हसायची, पण पाला राखून ठेवायची.

पुलवाम्यात जवानांची बस उडवली त्या दिवशी संध्याकाळी तो आमच्याच घरी होता, मले शाल दाखवून राह्यला होता. टीव्हीवर ते जळकं लोखंड दाखवून राह्यले होते. नजीरभाईनं शाली परत गठडीत भरायले घेतल्या. तेवढ्यात चौकातून आरडाओरडा ऐकू आला. पोरं त्यालेच शोधून राह्यली होती. आमच्या फाटकापाशी त्याची सायकल दिसली, तशी त्यायनं ती दगडानं ठेचली.

आमच्याकडं भाव चढेस्तोवर कापूस घरातच भरून ठेवतात. मधल्या खोलीत छातीइतका ढीग होता. लेकरं त्यात उड्या मारायले गेली तर आमी त्यायले बदडून काढतो, कारण कापसात माणूस गुदमरते. हे गावात कोणाले सांगावं लागत नाई. पण त्या घाईत आत्याबाईनं नजीरभाईले ढिगात लोटलं, वरून कापूस ओढला अन् त्याच्यावर मांडी ठोकून बसली.

दार मोडून पोरं घुसली. एकानं टीव्ही फोडला. मी आडवी आली तर माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. त्यायच्या पुढं हातात खड्डे खणायची लोखंडी सबल घेऊन कोण होता? माझा दीर भूषण, तिच्याच पोटचा.

"माय, ऊठ."

"नाई उठत."

"त्याले बाहेर काढ, नाईतर मी काढतो."

"घरात तुही माय हाय. तिले मारून घे."

त्यानं सबल कापसात खुपसली, एकदा तिच्या गुडघ्यापाशी, एकदा मांडीपाशी. तिसऱ्यांदा तिनं हात मधात घातला. सबल तळहातातून आरपार गेली. पांढरा कापूस लाल होत गेला, तरी ती उठली नाई. त्याच हातानं तिनं सबल धरून ठेवली.

"रगत पाह्यजे होतं ना तुले? घे."

मग पोरं एकेक करून सटकली. भूषण सगळ्यायच्या शेवटी गेला, सबल तिथंच टाकून.

आमी दोघींनी कापूस उपसला. नजीरभाईच्या तोंडात कापूस, दोन्ही मुठीत कापूस, डोळे उघडे. मी त्याले हलवत राह्यली, पण तो गेलाच होता. आत्याबाई एवढंच म्हणाली, "खालून तो हलला होता वं रंजीता. भूषणले दिसू नये म्हणून मी अजून दाबून बसली."

पोलिसांपुढं तिनं काहीच लपवलं नाई, स्वतःचंही नाई. पण कापसात गुदमरला, कोणी मारला नाई, असं ठरलं अन् सगळी पोरं सुटली. माझ्या अंगाची अजून आग होते.

आता भूषण पुढारी झाला. दर चौदा फेब्रुवारीले त्या जवानांसाठी चौकात मेणबत्त्या लावते, माईक फिरवते अन् विचारते, त्या दिवशी तुमी कुठं होते? कोणी शेतात असते, कोणी ढाब्यावर. औंदा आत्याबाई आपल्या पायानं गेली. त्याच वाकड्या हातात तिनं माईक धरला.

"मी घरी होती. कापसावर बसली होती. माह्या खाली माणूस मरून राह्यला होता, अन् माह्या पुढं सबल घेऊन तू उभा होता."

भूषणनं माईक बंद केला. पण म्हातारीचा आवाज बाजारातला. ती बोलत राह्यली, अन् सगळ्यायले ऐकू जाऊन राह्यलं होतं.