एकोणिसाव्या मजल्यावरचे कंपाउंडर

माझे सासरे कंपाउंडर होते. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या टोकाला असलेल्या दवाखान्यात त्यांनी चाळीसेक वर्षं काढली. औषधांच्या पुड्या बांधायच्या, जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची. डॉक्टर तापट होते. त्यामुळे लोक आधी कंपाउंडरना विचारायचे आणि मग आत जायचं की नाही ते ठरवायचे. सुई बघून एखादं मूल रडायला लागलं की हे त्याला विचारायचे, "तुमच्या घरी शेरडं किती?" ते मोजायला लागायचं. तिसऱ्या शेळीपर्यंत पोचतंय तोवर इंजेक्शन देऊन झालेलं असायचं.

मी गिरगावातली, फणसवाडीत वाढलेली. लग्न होऊन पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा ते मला दवाखाना दाखवायला घेऊन निघाले. दहा मिनिटांचा रस्ता, पण आम्हाला पोचायला तास लागला. भांड्यांच्या दुकानातला माणूस गुडघा दाखवायला बाहेर आला. दही विकणाऱ्या एका बाईंनी मला जवळ ओढून तोंडात साखर घातली. एका घरासमोर ते नुसते उभे राहिले, खिडकीतून एका म्हाताऱ्यानं हात हलवला, मग पुढे निघाले. "तो बोलू शकत नाही," ते म्हणाले, "पण मी दिसलो नाही तर जेवत नाही." मला त्या गर्दीची लाज वाटत होती आणि हेवाही.

सासूबाई गेल्या त्यानंतर वर्षभरात त्यांनी दोनदा गॅस चालू ठेवून बाजाराचा रस्ता धरला. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनी नवऱ्याला फोन केला. नवरा त्याच आठवड्यात जाऊन त्यांना घेऊन आला. आम्ही लोअर परळला राहत होतो, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर, भाड्यानं. ते आले तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि एक कातडी बॅग होती. बॅगेत कापूस, पट्ट्या, चिमटा, कात्री आणि जखमेवर लावायचं लाल औषध.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी मला ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन आला. दादरला हिंदमाताजवळच्या एका साडीच्या दुकानातला सेल्समन बोलत होता. "मॅडम, तुमचे बाबा इथे बसलेत. चहा दिलाय. घर कुठलं ते आठवत नाहीये त्यांना, पण खिशातल्या चिठ्ठीवर तुमचा नंबर आहे." मी पोचले तेव्हा ते गादीवर मांडी घालून बसले होते आणि दोन सेल्समन त्यांना पाठीचं दुखणं सांगत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "पोरी, चांगली माणसं आहेत बघ."

नवऱ्याला त्यात काही गोड वाटलं नाही. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "गाडीखाली आले असते तर?" डॉक्टरांनी तपासून सांगितलं की विसरणं वाढत जाणार. दिवसभराची बाई मिळाली, ती तीन आठवड्यांनी सोडून गेली. दुसरी मिळेना. मग एका सोमवारी आम्ही बाहेरची जाळीची सेफ्टी डोअर कुलूप लावून बंद केली. एक किल्ली नवऱ्याकडे, एक माझ्याकडे. तो सकाळी सातलाच निघायचा, म्हणून कुलूप रोज मीच लावायची.

पहिल्या दिवशी मी जाळीबाहेर किल्ली हातात घेऊन उभी राहिले. तेच आतून म्हणाले, "लाव पोरी. उशीर होईल तुला."

आतलं लाकडी दार ते उघडंच ठेवायचे. जाळीपाशी खुर्ची घेऊन बसायचे आणि पॅसेजमधून जाणाऱ्याला नमस्कार करायचे. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट. लोक कानात हेडफोन घालून लिफ्टमध्ये शिरायचे. कोणी मान हलवायचं, कोणी नाही. दिवसभरात सहा-सात माणसं दिसायची. संध्याकाळी ते मला सगळ्यांबद्दल सांगायचे. समोरची मुलगी लंगडतेय, नवीन बूट चावत असणार. पलीकडचे गृहस्थ फार दमतात, त्यांनी रक्त तपासून घ्यायला हवं.

पॅसेज पुसायला एक मावशी यायच्या. एकदा कचऱ्यातल्या काचेनं त्यांचा तळवा कापला. सासऱ्यांनी त्यांना जाळीतून हात आत घालायला लावला आणि आत बसून जखम धुतली, पट्टी बांधली. मावशींनी हे खाली सांगितलं असणार. आठवड्यानं वॉचमन पायाचं गळू दाखवायला आला. मग घरकाम करणाऱ्या बायका, गाड्या धुणारे, पार्सल घेऊन येणारा एक जण. कोणी डॉक्टरची चिठ्ठी आणून विचारायचं, ही गोळी जेवणाआधी की नंतर. कालचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण पट्टी कशी बांधायची ते त्यांचे हात विसरले नव्हते. त्या दिवसांत ते दोन पोळ्या जास्त खायचे.

मग सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. आमच्या दारासमोर पाच माणसं ओळीनं बसलेली. खाली लिहिलं होतं, हा मजला आहे की सरकारी दवाखाना? त्याखाली कितीतरी अंगठे. सेक्रेटरींनी नवऱ्याला बोलावून सांगितलं की उद्या कोणाला काही झालं तर केस तुमच्यावर होईल. नवरा घाबरला होता, आणि घाबरला की तो रागावतो.

"बाबा, हे बंद करायचं. तुम्ही डॉक्टर नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी कंपाउंडर."

दुसऱ्या दिवसापासून मी लाकडी दारही बाहेरून लॉक करायला लागले. हे कोणी ठरवलं, असा प्रश्न मला पुष्कळदा पडतो. नवरा म्हणाला होता, "काहीतरी कर." केलं मी. दार ओढताना मी त्यांच्याकडे बघायची नाही. ते मात्र न चुकता म्हणायचे, "नीट जा." ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत किल्ली पर्समध्ये हाताला लागायची आणि माझी भूक जायची. नोकरी सोडावी तर भाडं कसं भरायचं, गावी पाठवावं तर त्यांना सांभाळणार कोण. हे मी रोज मनात घोळवायची आणि रोज तिथंच येऊन थांबायची.

पाच महिने असे गेले. मग तो दिवस आला.

अडीचच्या सुमारास ग्रुपवर मेसेज आला, अकराव्या मजल्यावर वायरिंगला आग, सगळ्यांनी जिन्यानं खाली या. मी चर्चगेटला ऑफिसात, नवरा पुण्याला. मी घरी फोन लावला, तो कोणी उचलला नाही. सेक्रेटरींना लावला, एंगेज. टॅक्सी मिळाली ती पुढे जाईना. मी ड्रायव्हरला सांगितलं, घरात म्हातारा माणूस आहे आणि बाहेरून कुलूप आहे. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग हॉर्न वाजवत राहिला.

खाली सगळी सोसायटी रस्त्यावर उभी होती. बंबाची माणसं अकराव्यावर होती, खाली उभे असलेले जवान आग आटोक्यात आल्याचं सांगत होते, पण लिफ्ट बंद आणि जिन्यात धूर. मी किल्ली दाखवली तेव्हा एक जवान माझ्याबरोबर निघाला. एकोणीस मजले मी कशी चढले ते मला आठवत नाही. धुराचा कडवट वास आणि किल्लीचे तळव्यात रुतलेले दाते तेवढे आठवतात.

आमच्या दारासमोर मावशी फरशीवर बसल्या होत्या. नाकातोंडाला ओला पदर, शेजारी बादली. त्या एकविसाव्यावर काम करत होत्या, सगळ्यांबरोबर खाली उतरताना आमच्या मजल्यावर थांबल्या. आत कोण आहे ते त्यांना माहीत होतं.

मी किल्ल्या पुढे केल्या. जवानानं त्या घेऊन दोन्ही कुलपं उघडली.

आत दाराशी ओला टॉवेल पसरलेला होता. ते खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर ती कातडी बॅग. मला म्हणाले, "आधी हिला पाणी दे. पाऊण तास बसलीय."

मावशींनी नंतर मला सगळं सांगितलं. "मी हाक मारली तर बाबा आतून म्हणाले, तू खाली जा. मी म्हटलं, नाही जात. मग म्हणाले, पदर ओला कर, नाकाला लाव आणि जमिनीलगत बस, धूर वर जातो. मी घाबरले होते ना, रडायलाच लागले. तर ते मला त्यांच्या गावचा बाजार सांगायला लागले. पहिलं दुकान भांड्यांचं, मग शिंप्याचं, मग एक खिडकी. एकेक दुकान. दवाखान्यापर्यंत पोचलो की म्हणायचे, चल, आता परत घरापर्यंत." त्या थांबल्या. "ताई, त्यांना एकदापण भीती वाटली नाही."

मी त्यांना जेवून जा म्हटलं. त्यांना वरचे दोन मजले पुसायचे राहिले होते.

नवरा रात्री पोचला. मी जाळीची आणि दाराची, माझ्याजवळच्या दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, "मी आता हे दार बाहेरून लावणार नाही. तुला लावायचं असेल तर तू घरी थांबून लाव." तो आत जाऊन वडिलांच्या पायाशी बसला. मग त्यानं घरून काम मागून घेतलं, मी अर्धा पगार घेऊन अर्धा दिवस ऑफिसला जाऊ लागले. मावशींना आम्ही दुपारच्या दोन तासांसाठी ठेवलं. हे सगळं आधीही जमलं असतं.

दार उघडं राहायला लागलं. पण ते बाहेर जाईनात. उंबऱ्यापर्यंत यायचे, चपलांकडे बघायचे आणि विचारायचे, "मी जाऊ का?" हो म्हटलं तरी तिथंच उभे राहायचे. मी हात धरून खाली नेलं की गेटपाशी थांबून म्हणायचे, "चल, तुला उशीर होईल." पॅसेजमध्ये वॉचमन भेटायला आला तर ते आत वळून आधी माझ्याकडे बघायचे. चाळीस वर्षं कोणाच्याही घरात न विचारता शिरणारा माणूस. आम्ही पाच महिन्यांत त्यांना हे शिकवलं होतं. ते विसरत चालले होते, पण तेवढं विसरले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. त्यांना आम्ही गावी नेलं. बाजार बंद होता, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी होती. त्या खिडकीतला म्हातारा आधीच गेला होता, त्याचा मुलगा हार घेऊन आला.

तेराव्याला पंगतीत ती दहीवाली बाई वाढत होती. आता पुष्कळ थकली होती. माझ्यासमोर थांबून म्हणाली, "कंपाउंडर फोनवर तुझं लई कौतुक करायचे. म्हणायचे, सून जाताना दार नीट लावून जाते, मला कसली काळजी नाही."

"बाहेरून लावायची मी," मी म्हटलं. "त्यांना कोंडून ठेवलं होतं आम्ही."

माझा आवाज मोठा झाला असावा. शेजारच्या दोघी जेवायच्या थांबल्या. नवऱ्यानं मान खाली घातली. बाई भाताचं भांडं कमरेवर धरून तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत. मग वाकली आणि माझ्या पानात भात वाढला.

"जेव," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे गेली.